आठ, सात, सत्तर: मधुमेही मांजराच्या तांबड्या पेशींचं गणित

८, ४ आणि २. मांजराच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिडीकरणाला चटकन बळी पडणारे, गंधकयुक्त सल्फहायड्रिल गट किमान ८ असतात. कुत्र्याच्या रेणूत ४ असतात, आणि माणसासकट इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत २. मधुमेही मांजराच्या रक्ताविषयी बोलायचं तर सुरुवात या तीन आकड्यांपासून करावी लागते. मधुमेह म्हटलं की आपलं लक्ष साखरेच्या आकड्यावर जातं आणि तिथंच अडकून राहतं. मांजराच्या तांबड्या पेशींचं खरं नुकसान मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच आकड्याच्या मागोमाग चालतं. तो आकडा कीटोनचा.

आधी पेशीकडे पाहू. मांजराची तांबडी पेशी लहान असते. माणसाच्या पेशीचं सरासरी घनफळ ८० ते १०० फेम्टोलिटर, मांजराच्या पेशीचं ३९ ते ५५. माणसाच्या एका पेशीत हिमोग्लोबिनचे साधारण २७ कोटी रेणू असतात. मांजराच्या पेशीत सरासरी १५ पिकोग्रॅम हिमोग्लोबिन धरलं, तर रेणू भरतात सुमारे १४ कोटी. आता गुणाकार करून बघा. माणसाचे २७ कोटी गुणिले २, म्हणजे ५४ कोटी गट. मांजराचे १४ कोटी गुणिले ८, म्हणजे ११२ कोटी. पेशी निम्म्या आकाराची, पण तिच्यात मार बसण्याच्या जागा दुप्पट. शिवाय मांजराच्या हिमोग्लोबिनचा चार साखळ्यांचा रेणू इतरांच्या मानानं लवकर दुभंगतो, त्यामुळे या जागा अधिकच उघड्या पडतात.

हा मार येतो कुठून? मुख्यतः ज्या ऑक्सिजनची वाहतूक करायची, त्या ऑक्सिजनपासूनच. निरोगी माणसाच्या शरीरातसुद्धा रोज ३ टक्क्यांपर्यंत हिमोग्लोबिन आपोआप ऑक्सिडीकृत होतं. त्यातलं लोह एक इलेक्ट्रॉन गमावतं, मेथहिमोग्लोबिन तयार होतं, आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनपासून सुपरऑक्साइड नावाचा आक्रमक कण जन्मतो. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. मग कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरं त्याचं पाणी करून टाकतात. ही सगळी साखळी अखेर ग्लुटाथायोनच्या साठ्यावर चालते, आणि तो साठा ताजा ठेवण्यासाठी पेशीला ग्लुकोज जाळून ऊर्जा मिळवावी लागते. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं. म्हणून जुनी विकरं झिजली की नवी बनवण्याची सोय तिच्याकडे नाही. जन्मताना जेवढी शिदोरी मिळाली तेवढ्यावरच आयुष्य काढायचं. मारा वाढला किंवा शिदोरी आटली, की जी अवस्था येते तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

मग ते ११२ कोटी गट एकमेकांत गुंततात, हिमोग्लोबिनचा आकार बिघडतो आणि त्याच्या गुठळ्या होऊन पेशीच्या आवरणाला आतून चिकटतात. रॉबर्ट हाइन्झ या जर्मन संशोधकानं १८९० मध्ये त्यांचं वर्णन केलं. तेव्हापासून त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात.

माणसाच्या रक्तात हाइन्झ बॉडी दिसली तर डॉक्टर सावध होतात. मांजराच्या रक्तात मात्र निरोगी असतानाही ५ टक्क्यांपर्यंत पेशींत ती सापडते. काही निरोगी मांजरांत हे प्रमाण त्याहूनही जास्त असतं. एक कारण त्या ८ गटांचं, दुसरं प्लीहेचं. बहुतेक प्राण्यांची प्लीहा चाळणीसारखी काम करते: पेशींना अरुंद फटींतून जायला लावते आणि अडकलेली गुठळी खुडून घेते. मांजराच्या प्लीहेची रचनाच वेगळी आहे. तिच्यात ही फटींची जागा नीट तयार झालेली नसते. म्हणून गुठळी पेशीतच राहते आणि पेशी तशीच फिरत राहते. एका अर्थी हे बरंच आहे, कारण गुठळी असलेली प्रत्येक पेशी लगेच बाद होत नाही. पण त्यामुळेच ५ टक्के हा आकडा वाचताना घाई करून चालत नाही. केवळ हाइन्झ बॉडी दिसल्या म्हणून मांजर आजारी ठरत नाही. ५ टक्क्यांवरून २०, ३०, ४० टक्क्यांकडे चाललेला आकडा मात्र खूप काही सांगतो.

आता वेळेचं गणित. माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, मांजराची सुमारे ७० दिवस. चार किलोच्या मांजराच्या अंगात किलोमागं ६० मिलिलिटर धरलं तर २४० मिलिलिटर रक्त असतं. एका मायक्रोलिटरमध्ये ७५ लाख पेशी या मध्यम हिशेबानं एकूण पेशी होतात १.८ लाख कोटी. त्या ७० दिवसांत बदलायच्या, म्हणजे रोज सुमारे २,५७० कोटी नव्या पेशी, सेकंदाला जवळपास ३ लाख. टक्केवारीत बोलायचं तर माणूस रोज आपल्या ०.८ टक्के पेशी बदलतो आणि मांजर १.४ टक्के. निरोगी मांजराच्या अस्थिमज्जेवर मुळातच हा भार आहे. त्यात पेशींचं आयुष्य ७० वरून ५० दिवसांवर आलं, तर तोच तोल सांभाळायला रोज ३,६०० कोटी पेशी घडवाव्या लागतात. आजारानं खंगलेल्या, नीट न खाणाऱ्या मांजराला हे झेपत नाही आणि हळूहळू रक्त कमी होऊ लागतं.

मधुमेह हा मांजरांतला दुर्मीळ आजार नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत नेहमीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत आलेल्या १,९३,४३५ मांजरांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात मधुमेही निघाली १,१२८, म्हणजे ०.५८ टक्के. साधारण १७० मांजरांमागं एक. सहा वर्षांपुढचं वय आणि चार किलोंहून जास्त वजन असलेल्यांत धोका जास्त. बर्मीज जातीत तर ठळकपणे जास्त. मांजरांचा मधुमेह बहुतांशी माणसाच्या टाइप २ सारखा असतो. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, आणि स्वादुपिंडात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जाऊन इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीही घटतात.

इथं एक साधा तर्क मनात येतो. साखर वाढली, साखर पेशीत शिरली, पेशी बिघडली. माणसाच्या बाबतीत या तर्काला आधार आहे. लुइझियाना राज्य विद्यापीठातले संशोधक सुशील जैन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की माणसाच्या तांबड्या पेशी वाढीव ग्लुकोजमध्ये ठेवल्या तर त्यांच्या आवरणातली स्निग्धद्रव्यं ऑक्सिडीकृत होतात आणि पेशी लवकर फुटतात. मांजराच्या पेशीला हाच नियम जसाच्या तसा लावता येईल का?

त्यासाठी ग्लुकोमीटर बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असलेला एक आकडा पाहावा लागेल. माणसाच्या रक्तातल्या एकूण ग्लुकोजपैकी ५८ टक्के प्लाझ्मात असतं आणि ४२ टक्के तांबड्या पेशींत. कुत्र्यात पेशींचा वाटा १२.५ टक्के. मांजरात फक्त ७ टक्के; उरलेलं ९३ टक्के प्लाझ्मात. माणसांसाठीचं यंत्र मांजराच्या रक्तावर वापरलं की ते साखर बहुधा कमी दाखवतं, ते याच फरकामुळे. पण या आकड्यात त्याहून मोठी गोष्ट दडलेली आहे.

रक्तात पेशींचं घनफळ माणसात ४५ टक्के आणि मांजरात ३५ टक्के धरू. मग माणसाच्या पेशीच्या आतली ग्लुकोजची तीव्रता बाहेरच्या प्लाझ्माच्या सुमारे ८८ टक्के येते. मांजराच्या पेशीच्या आत ती बाहेरच्या जेमतेम १४ टक्के भरते. हे प्रमाण मधुमेहातही तेवढंच राहतं असं मानलं, तर प्लाझ्मात ४०० मिलिग्रॅम साखर असलेल्या मधुमेही मांजराच्या तांबड्या पेशीत असते ५६ मिलिग्रॅम. निरोगी माणसाच्या पेशीत, बाहेर १०० असताना, ८८. हा ढोबळ हिशेब आहे, प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे. पण त्याची दिशा स्पष्ट आहे. मांजराच्या तांबड्या पेशीचं आवरण साखरेला सहजासहजी आत घेत नाही. ग्लुकोज चिकटलेलं हिमोग्लोबिन, म्हणजे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं एचबीएवनसी, मांजरांत माणसांपेक्षा बरंच कमी असतं. त्यामागं पेशीचं हे वागणं आहे आणि तिचं अल्पायुष्यही. म्हणूनच मांजराच्या मधुमेहावर लक्ष ठेवताना पशुवैद्य एचबीएवनसीऐवजी फ्रुक्टोसामीन पाहतात. ते प्लाझ्मातल्या प्रथिनांवर बसलेल्या साखरेचं माप आहे आणि मागच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज देतं.

साखर निर्दोष आहे असा याचा अर्थ मी काढत नाही. पेशीबाहेरची साखर रक्तवाहिन्यांना, यकृताला, चेतातंतूंना त्रास देतेच. तिथं तयार झालेलं हायड्रोजन पेरॉक्साइड आवरणं ओलांडून तांबड्या पेशीपर्यंत पोचू शकतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रेग वेब यांच्या अभ्यासात मधुमेही मांजरांमध्ये सुपरऑक्साइड डिस्म्युटेज निरोगी मांजरांहून कमी आढळलं. संरक्षणाची पहिली फळीच कमकुवत झाली होती. तरीही हिमोग्लोबिनच्या गुठळ्यांचा हिशेब नुसत्या साखरेनं सुटत नाही.

तो सुटायला लागतो कीटोनपाशी. मेरी क्रिस्टोफर यांनी १९८९ मध्ये हाइन्झ बॉडी वाढलेल्या १२० मांजरांच्या, १९७८ ते १९८७ या काळातल्या नोंदी मांडल्या. कुठलंही विष पोटात न जाता, निव्वळ आजारामुळे हाइन्झ बॉडी वाढवणाऱ्या रोगांत तीन नावं पुढं आली: मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक आणि लिम्फोमा. मग १९९५ मध्ये त्यांनी ब्रूसार्ड आणि पीटरसन या सहकाऱ्यांबरोबर मधुमेही मांजरांकडेच वळून पाहिलं. कीटोअॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लाकडे झुकण्याची अवस्था, झालेल्या मांजरांत हाइन्झ बॉडी जास्त होत्या, आणि रक्तातलं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हे कीटोन जितकं अधिक, तितकी हाइन्झ बॉडी असलेल्या पेशींची टक्केवारी अधिक.

इन्सुलिन कमी पडलं की शरीर साखर वापरू शकत नाही आणि चरबी जाळायला लागतं. यकृतात त्या चरबीपासून अॅसिटोअॅसिटेट, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट आणि अॅसिटोन तयार होतात. जैन यांच्याच पुढच्या प्रयोगांत, माणसाच्या पेशींवर, अॅसिटोअॅसिटेटपासून ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार होताना दिसले. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटपासून तसे दिसले नाहीत. दोन्ही कीटोन रक्तात बरोबरच वाढतात. त्यामुळे मांजरांत मोजलं गेलेलं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हे संकटाचं माप असेल आणि प्रत्यक्ष घाव घालणारं त्याचं भावंड असेल, हे मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण वाटतं. ते मांजराच्या पेशीवर पुरतं सिद्ध व्हायला हवं.

लघवीची कीटोन पट्टी अॅसिटोअॅसिटेट ओळखते. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट तिला दिसत नाही. आजार गंभीर होतो तेव्हा नेमकं दुसऱ्याचंच प्रमाण जास्त असतं. म्हणून पट्टीचा रंग फारसा बदलला नाही तरी निर्धास्त राहता येत नाही. रक्तातलं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजणारी छोटी यंत्रं मिळतात. मांजरांत ते २.४ ते २.५ मिलिमोलच्या वर गेलं, तर कीटोअॅसिडोसिसची शंका धरून लगेच उपचारांकडे वळावं, हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

गेल्या काही वर्षांत या आकड्याचं महत्त्व आणखी वाढलं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन ही मांजरांच्या मधुमेहाची तोंडानं द्यायची औषधं मंजूर केली. ती मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर काढून टाकतात. सुईची भीती असलेल्या घरांसाठी ही मोठीच सोय आहे. पण ज्या मांजराच्या अंगात इन्सुलिन उरलेलंच नाही, त्याची साखर या औषधानं खाली येते आणि कीटोन मात्र वाढत जातात. ग्लुकोमीटरवर १५० दिसतं आणि मांजर कीटोअॅसिडोसिसमध्ये असतं. म्हणून ही औषधं आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना द्यायची नाहीत, अशी ताकीद त्यांच्यासोबत येते. साखरेच्या एकाच आकड्यावर विसंबणं किती धोक्याचं आहे, हे या औषधांनी ठळक केलं आहे.

उपचार सुरू झाल्यावरही तांबडी पेशी सुरक्षित नसते. इन्सुलिन मिळालं की ग्लुकोजबरोबर फॉस्फेटही पेशींत ओढलं जातं आणि रक्तातलं फॉस्फरस झपाट्यानं उतरतं. ते १.५ मिलिग्रॅमच्या खाली गेलं, तर तांबड्या पेशींची ऊर्जा संपते आणि त्या फुटायला लागतात. आधीच गुठळ्यांनी ताठ झालेली पेशी आणि वर फॉस्फेटची टंचाई. कीटोअॅसिडोसिसच्या मांजराला दवाखान्यात ठेवल्यावर पशुवैद्य पुन्हापुन्हा रक्त का काढतात, असं पालकांना वाटतं. त्याचं एक कारण हे आहे.

आता प्रयोगशाळेतली एक गोष्ट. हाइन्झ बॉडी यंत्राला फसवतात. रक्तगणनेच्या यंत्रात पेशी फोडून हिमोग्लोबिन मोजतात. गुठळ्या विरघळत नाहीत, द्रव गढूळ राहतो, आणि यंत्र हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. त्याच्यासोबत एमसीएचसी, म्हणजे पेशींतल्या हिमोग्लोबिनच्या सरासरी तीव्रतेचा आकडाही चढतो. मांजरात तो सहसा ३० ते ३६ च्या दरम्यान असायला हवा. अहवालात ४० आला असेल, तर रक्त उत्तम आहे असं समजू नये. काचपट्टीवर रक्त ओढून न्यू मिथिलीन ब्लू या रंगानं तपासावं. गुठळ्या निळ्या ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. नेहमीच्या लीशमन रंगात त्या फिक्या राहतात आणि घाईत नजरेतून सुटतात.

घरातला धोका याच रसायनशास्त्राचा आहे, म्हणून त्याचं गणितही इथंच मांडतो. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी ६० किलोच्या माणसाला किलोमागं ८ मिलिग्रॅम पडते. तीच गोळी चार किलोच्या मांजराला पडते १२५ मिलिग्रॅम, म्हणजे माणसानं एकदम १५ गोळ्या घेतल्यासारखं. यकृतात हे औषध निष्प्रभ करणारं एक महत्त्वाचं विकर मांजरात चालतच नाही; त्याचं जनुक उत्क्रांतीत निकामी झालेलं आहे. विषबाधेची लक्षणं किलोमागं ४० ते ५० मिलिग्रॅमला हमखास दिसतात, आणि १० मिलिग्रॅमलाही झाल्याच्या नोंदी आहेत. अंग गरम लागलं म्हणून दिलेली पाव गोळी, म्हणजे किलोमागं ३१ मिलिग्रॅम, जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, रक्त चॉकलेटी दिसतं. उतारा आहे: अॅसिटिलसिस्टीन, पहिला डोस किलोमागं १४० मिलिग्रॅम, नंतर ७० चे डोस. तो पशुवैद्यानंच द्यायचा, आणि प्रत्येक तासाला त्याचा उपयोग घटत जातो.

कांद्याचं तसंच. मांजरात किलोमागं ५ ग्रॅम कांद्यानं रक्तात बदल दिसू लागतात. कुत्र्याला त्यासाठी १५ ते ३० ग्रॅम लागतात. चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा पाचवा भाग. शिजवून, तळून किंवा वाळवून कांद्याचा हा गुण जात नाही. वाळवल्यावर पाणी निघून गेल्यानं उलट तो दाट होतो. आपल्या घरांत याचं भान फार कमी आहे. मांजर जेवत नाही म्हणून चिकनच्या रश्श्यात पोळी कुस्करून देणारे, वाटणातला तुकडा धुऊन देणारे कितीतरी प्रेमळ लोक आहेत. कांदा-लसूण मसाला घातलेल्या रश्श्यात कांदा दिसत नाही, पण असतो. मधुमेही मांजराचं अन्नावरचं मन उडतं तेव्हा बऱ्याचदा कीटोन वाढलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी हा रस्सा पुढं येतो. त्याऐवजी मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन द्यावं.

विकतच्या अन्नाचाही एक इतिहास आहे. मांजरांचं अन्न मऊ राहावं म्हणून त्यात पूर्वी प्रॉपिलीन ग्लायकॉल घालत. त्यानं हाइन्झ बॉडी वाढतात आणि तांबड्या पेशींचं आयुष्य घटतं हे सिद्ध झाल्यावर अमेरिकेनं १९९६ मध्ये मांजरांच्या अन्नात त्यावर बंदी घातली. कुत्र्यांच्या अन्नात ते चालतं. म्हणून कुत्र्याचं खाणं मांजराला, त्यातही मधुमेही मांजराला, घालू नये.

पेशी वाचवण्यासाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या द्याव्यात का, असं पालक विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. सगळ्यांत परिणामकारक अँटिऑक्सिडंट म्हणजे वेळेवर आणि पुरेसं इन्सुलिन, कारण तेच कीटोनची निर्मिती थांबवतं. आपल्याकडे त्यात एक आकडा घात करतो. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या मिलिलिटरमागं ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. सिरिंज एकीची आणि बाटली दुसरीची झाली, तर डोस अडीच पट जास्त किंवा अडीच पट कमी होतो. जास्त झाला तर साखर कोसळते, कमी झाला तर कीटोन वाढतात. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर वेळी वाचून घ्यावं.

लवकर हालचाल केल्याचं फळ मोठं असतं. २००९ मध्ये रूम्प आणि रँड यांनी ५५ मधुमेही मांजरांवर ग्लार्जिन इन्सुलिन, कमी कर्बोदकांचं अन्न आणि घरच्या घरी साखर मोजणं अशी काटेकोर पद्धत वापरली. एकूण ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू झालेल्यांत प्रमाण होतं ८४ टक्के. उशिरा सुरू झालेल्यांत ३५. एवढी उलटण्याची शक्यता असलेला मधुमेह माणसांतही विरळा.

तेव्हा मधुमेही मांजरानं दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, त्याला उलट्या होत असतील किंवा ते निपचित पडून असेल, तर साखर बरी दिसतेय म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी रक्तातले कीटोन तपासून घ्या, आणि रक्त काढलंच आहे तर हाइन्झ बॉडीसाठी एक काचपट्टी करायला पशुवैद्यांना आवर्जून सांगा.